कापणाऱ्याचा वाटा

मास्तरांच्या घरात एकच कायदा होता आणि तो लग्नाच्या पहिल्याच महिन्यात पास झाला होता: एकाने कापायचं, दुसऱ्याने उचलायचं. केकचा तुकडा असो, सफरचंद असो, नाहीतर डब्यातला शेवटचा पाव असो, सुरी मास्तरांच्या हातात आणि पहिली निवड काकूंची. कापणाऱ्याने लबाडी केली तर त्याच्याच वाट्याला लहान तुकडा येणार, त्यामुळे भांडणाला जागाच नाही. भांडणं झाली, ती इतर विषयांवर.

गंमत अशी की मास्तर पेशानेच कापणारे. दोघांचं शिवणाचं दुकान होतं; मास्तर कटिंग करायचे, काकू मशीनवर बसायच्या. कोटाचं महागाचं कापड असलं तरी मास्तरांची कात्री दोऱ्याएवढीही चुकत नसे. पण तेच मास्तर घरी केक कापायला बसले की एक तुकडा हा एवढा मोठा आणि दुसरा एवढासा. काकू मोठा उचलायच्या, कारण नियम म्हणजे नियम, आणि वर ऐकवायच्या, "दुकानात हात सोन्याचा, घरात लाकडाचा!" मास्तर हसून लहान तुकडा तोंडात टाकायचे. बेचाळीस वर्षं हे असंच चाललं.

मग मास्तरांना झटका आला. डावं अंग लुळं पडलं आणि बोलणं दोन-तीन शब्दांवर आलं. डोकं मात्र शाबूत होतं, उजवा हातही. काकूंनी तीन महिने त्यांना घरी सांभाळलं. एकदा न्हाणीघरात दोघंही पडली आणि उठता येईना म्हणून तासभर तिथेच गप्पा मारत बसली. शेजाऱ्यांनी दार उघडून बाहेर काढलं. हा किस्सा काकूंनी हौसेने लेकीला फोनवर सांगितला आणि तिथेच फसल्या. पुढच्याच आठवड्यात लेकीने येऊन वडिलांना केअर होममध्ये दाखल केलं आणि ती आपल्या नोकरीच्या गावी परत गेली.

होम चांगलं होतं, घरापासून तीन स्टॉपवर. फी मात्र अशी की ऐकूनच माणसाने अंथरूण धरावं. ती दोघांच्या जोडखात्यातून जाऊ लागली. तिथल्या मॅनेजरबाईंनी पहिल्याच महिन्यात काकूंना समोर बसवून समजावलं.

"काकू, खात्यात पैशांचे सोळा भाग आहेत असं धरा. आठ तुमचे, आठ मास्तरांचे. मास्तरांचे दोन उरले की पुढची फी सरकारी मदतीतून भरली जाते. आता खाती वेगळी केलीत तर त्यांचे सहा जातील आणि तुमचे आठ जिथल्या तिथे. जोडखातं तसंच ठेवलंत, तर दर वेळी जे उरेल त्याचं निम्मं त्यांचं धरतात. म्हणजे मास्तरांचे दोन उरायला खात्यात चार उरावे लागतील. बारा गेलेले असतील, आणि तुमच्याही हातात दोनच."

काकूंना हिशेब लगेच कळला. सोळा मीटरचा तागा त्यांनी आयुष्यभर पाहिला होता. त्या आठमधून दुकानाचं भाडं भरायचं होतं, दुखणीखुपणी काढायची होती, आणि राहिलेलं म्हातारपण लेकीपुढे हात न पसरता पार पाडायचं होतं. सगळं कळून त्या म्हणाल्या, "वाटण्या करायला आम्ही काय भाऊभाऊ आहोत?"

"वाटणी नाही हो, नुसता एक फॉर्म. दोघांच्या सह्या."

"बघू."

ह्या 'बघू'ला पाच महिने झाले. फॉर्म काकूंच्या पिशवीत, टेपच्या गुंडाळीखाली. मॅनेजरबाई दर महिन्याला सांगत होत्या आणि पालथ्या घड्यावर पाणी पडत होतं. खरं सांगायचं तर काकू घाबरल्या होत्या. घरात मास्तरांची खाट रिकामी होती, चप्पल नुसती पडून होती, कटिंगच्या टेबलावर धूळ साचत होती. एकाखाली एक अशी दोघांची नावं आता फक्त त्या पासबुकावर होती. तीही वेगळी केली, तर माणूस घरातून गेला तो गेलाच, असं त्यांना वाटायचं. हे त्या कुणाला बोलल्या नाहीत.

मंगळवारी सकाळी लेकीचा फोन आला. "आई, आज फॉर्म दिला नाहीस तर मी रजा काढून येते."

"ये की. वीस शर्टांना बटणं लावायची आहेत."

तरी दुपारी त्या होमकडे निघाल्या, तेव्हा फॉर्म पिशवीत वर आला होता. चार वाजता तिथे चहाबरोबर केक मिळे, आणि भेटायला आलेल्याने आपल्या माणसाच्याच बशीत वाटेकरी व्हायचं असा रिवाज पडला होता. मास्तर खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसले होते. काकूंना बघून त्यांचा चेहरा अर्ध्या बाजूने फुलला. काकूंनी बशी पुढे सरकवली आणि सुरी हातात दिली. मास्तरांनी सुरी चालवली. एक तुकडा हा एवढा आणि दुसरा एवढासा.

"झालं!" काकू मोठ्या तुकड्याला हात घालत म्हणाल्या. "झटक्याने सगळं नेलं, हे तेवढं जसंच्या तसं ठेवलं. लाकडाचा हात!"

शेजारच्या पलंगाची चादर बदलणाऱ्या मावशी हसल्या. "मास्तरांचा हात लाकडाचा? काहीतरीच काय काकू! परवा एका आजोबांच्या वाढदिवसाला चौदा माणसांचा केक मास्तरांनी कापला. एका हाताने! तराजूत घालून बघा, कणाचा फरक नाही. नाहीतर आमच्याकडे केकवरून रोज महाभारत. आता सुरी आम्ही दुसऱ्या कुणाला देतच नाही."

काकूंचा हात बशीवरच राहिला.

त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर खिडकीबाहेर पाहू लागले. बाहेर भिंतीखेरीज काही नव्हतं.

"अहो."

मास्तर भिंत बघत राहिले.

"अहो, इकडे बघा. बेचाळीस वर्षं तुम्ही मुद्दाम वाकडं कापत होतात?"

मास्तरांनी शब्द जुळवायला वेळ घेतला. "मोठा... तू उचलतेस," ते म्हणाले. "नियम."

"आणि मी तुम्हाला घरभर नावं ठेवत फिरले! शेजारणींना सांगितलं, लेकीला सांगितलं, तुमच्या आईलासुद्धा सांगितलं!"

"आईला... माहीत होतं."

काकूंना हसू आलं आणि त्याच्याच मागून रडू आलं, आणि दोन्ही एकदम आवरेना. म्हणजे सासूबाईंना ठाऊक, आणि शहाण्या काकू तेवढ्या अंधारात. पदराने नाक पुसत त्यांनी पिशवीतून फॉर्म काढला, टेबलावर सरळ केला आणि मास्तरांना सोळा, आठ आणि दोनचा सगळा हिशेब एका दमात सांगितला. पाच महिने लपवला तेही सांगितलं.

मास्तरांनी फॉर्म वाचला. मग पेन मागून घेतलं आणि समासात काकूंच्या नावापुढे वळणदार अक्षरात चौदा लिहिलं, स्वतःच्या नावापुढे दोन.

फॉर्म घ्यायला आलेल्या मॅनेजरबाईंनी ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "मास्तर, तसं चालत नाही. निम्मं म्हणजे निम्मंच. काकूंना जास्त दिलंत तर ते दिलेलं धरतच नाहीत, तुमचेच पैसे म्हणून मोजतात."

मास्तर हिरमुसले. कुणी कापड उलटं धरायला सांगावं तसा त्यांचा चेहरा झाला. काकू म्हणाल्या, "मास्तर, एकदा तरी सरळ कापा." तेव्हा त्यांनी नवा फॉर्म घेतला आणि सही केली. त्याखाली काकूंनी केली. दोघांची नावं त्या कागदावरही एकाखाली एकच आली, हे काकूंनी दोनदा बघून घेतलं.

पुढच्या मंगळवारी खाती वेगळी झाली होती. काकूंनी नवं पासबुक मास्तरांना दाखवलं, चहा आला, केक आला, आणि मास्तरांनी सवयीने हात पुढे केला.

"थांबा," काकूंनी सुरी आपल्याकडे ओढली. "आता खातं वेगळं, कायदाही नवा. मी कापणार, तुम्ही उचलायचं."

आयुष्यभर मशीनवर बसलेली बाई, कापण्याशी तिचा संबंध काय! तरी त्यांनी बेतून, जीभ दातांत धरून, होता होईल तेवढं वाकडं कापलं. एक तुकडा हा एवढा आणि दुसरा एवढासा. बशी त्यांनी मास्तरांपुढे धरली.

मास्तरांनी आधी बशीकडे पाहिलं, मग काकूंकडे. त्यांचा हात लहान तुकड्याकडे गेला.

"नियम," काकू म्हणाल्या.

हात तिथे थांबला. मग मास्तरांनी मोठा तुकडा उचलला आणि कण न सांडता, सावकाश, सगळा खाल्ला.

"लाकडाचा हात," ते म्हणाले.