केरबांच्या छातीचा फोटो

गुरुवारी सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी माझ्यातून एक फोटो एकशे शहाऐंशी जणांना गेला. फोटोत एक कागद होता. कागदावर एका माणसाच्या छातीचा एक्स-रे छापलेला होता आणि वर त्या माणसाचे पूर्ण नाव होते. फोटो पाठवण्याआधी त्या माणसाला कोणी विचारले नव्हते.

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. माझ्या काचेला उजव्या कोपऱ्यातून तडा गेला आहे. पाठीचे झाकण सुटते, म्हणून सायकलच्या ट्यूबचा कापलेला रबर मला गुंडाळला आहे. मी शिरोलीत राहतो, माझे मालक आकाराम यांच्या सदऱ्याच्या खिशात. गुरुवारी जे झाले ते मी पाहिले. खरे सांगायचे तर त्यात माझाही हात आहे. म्हणून सगळे क्रमाने सांगतो.

माझा जन्म झाला तो कारखाना मला अंधुक आठवतो. तिथली माणसे पांढरे कपडे घालून, तोंड झाकून काम करत. धुळीचा कण आत येऊ नये म्हणून दाराशी त्यांच्या अंगावर वारा सोडत. इतकी काळजी माझ्या छातीची होती. आकाराम आणि त्यांचे मित्र केरबा यांनी ज्या फौंड्रीत एकतीस वर्षे काढली, तिथे असे काही नव्हते. संध्याकाळी नाक शिंकरले की रुमाल काळा व्हायचा, असे आकाराम सांगतात.

दोघेही साचे करायचे. लोखंड ओतायचा साचा दोन पेट्यांचा असतो. खालची पेटी एकाने वाळू ठोकून भरायची, वरची दुसऱ्याने. मग वरची उचलून खालच्या पेटीवर बसवायची. एकदा बसली की आतले काही दिसत नाही. वाळूचा एक खडा आत निसटला असेल तर ओतलेला सगळा माल भंगारात जातो. म्हणून दोघांचा एक रिवाज होता. वरची पेटी धरलेला विचारायचा, "झाकू का?" दुसऱ्याने वाकून, फुंकर मारून, नीट बघून म्हणायचे, "झाक." उत्तर आल्याशिवाय पेटी खाली यायची नाही. दोघांचे बोलणे बंद असेल त्या दिवशीही हे दोन शब्द व्हायचे.

त्या कामात आकारामांच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या. सहा वर्षांपूर्वी त्यांची मुलगी स्नेहल हिने पहिल्या पगारातून मला घेतले. ती इचलकरंजीला एका कापड पेढीत नोकरी करते. तिने त्यांचे बोट पाच वेळा माझ्यावर टेकवून पाहिले. मला ते ओळखता आले नाही.

"आबा, तुमचं बोटच घेईना की ह्यो."

"बोट ऱ्हायलंय कुठं घ्यायला?" असे म्हणून आकाराम हसले.

तेव्हापासून मला कुलूप नाही. माझ्यात जे येते ते उघडेच राहते. पुढे रेशनच्या दुकानातल्या यंत्रालाही त्यांचा अंगठा ओळखता आला नाही. धान्यासाठी चार खेपा झाल्या. त्या वेळी मात्र ते हसले नाहीत.

माझे चांगले दिवसही होते. पुराच्या वर्षी केरबांच्या घराला पाण्याने वेढले, तेव्हा बोटीला फोन माझ्यावरून गेला. केरबा, त्यांच्या पत्नी आक्काताई आणि म्हैस, तिघेही सुखरूप बाहेर आले. दुसऱ्या दिवशी केरबांनी मला हातात घेऊन पाठीवर थोपटले. "ह्यो फोन न्हाय गा, ह्यो गडी हाय," म्हणाले. तेवढे कौतुक मला पुन्हा कधी मिळाले नाही.

नंतर फौंड्रीतल्या जुन्या कामगारांचा ग्रुप निघाला. आधी सुविचार आले, मग वाढदिवस, मग वाद. आकाराम आणि केरबा रोज सकाळी टपरीवर हाफ चहा घ्यायचे ते कमी झाले. दोघांच्या घरांत तीनशे पावलांचे अंतर, पण बोलणे माझ्यातून होऊ लागले. आकारामांना अक्षरे दाबायला जमत नाही. ते माझ्या तोंडाशी बोलतात, मी लिहितो. रागाच्या भरात बोललेलेही मी तितक्याच मन लावून लिहितो.

ऑगस्टमध्ये गावात एक्स-रेची गाडी आली. फौंड्रीत काम केलेल्यांची छाती त्यात फुकट तपासत होते. एक्स-रे आधी डॉक्टर नव्हे, कॉम्प्युटर बघायचा. झाले, ग्रुपवर दोन तट पडले.

"कोट्यवधीची गाडी आणि दवाखान्यात डॉक्टरची खुर्ची रिकामी," आकारामांनी लिहवले. "आधी माणूस आणा, मग मशीन."

केरबांचे उत्तर लगेच आले. "डॉक्टर ईल तवा ईल. माझा थोरला भाऊ खोकून खोकून गेला. तवा ही गाडी असती तर?"

"माझा अंगठा वळखत न्हाय मशीन, फुप्फुस काय वळखतंय?"

"तुझा अंगठा तुझी बायकूबी वळखत न्हवती, गप."

खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्यात फौंड्रीच्या जुन्या मुकादमांचा मुलगा यशराज याने तोंड घातले. तो पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. "काका, त्या यंत्राला हजारो एक्स-रे दाखवून शिकवतात. शिकवल्यावर त्याला कळतं."

"ते हजारो कुणाचे रं? आमचेच की. आमाला इचारलं व्हय कुणी?"

आकारामांचा प्रश्न चांगला होता, मित्रांनो. मला तो आजही चांगलाच वाटतो.

आकाराम हट्टाने गाडीकडे फिरकले नाहीत. केरबा गेले. त्यांचा कागद यायला वेळ लागला. मंगळवारी सकाळी ते टपरीवर आले आणि खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. त्यावर लिहिले होते : छातीत धुळीमुळे बदल झाल्याची शक्यता, पंधरा दिवसांत पुढील तपासणी करावी.

"आक्या, ह्येचा फोटू काढ. माझ्या फोनात नको, घरात सगळी बघत्यात. स्नेहलच्या वळखीचा डॉक्टर हाय न्हवं? त्याला दाव."

"आक्काताईला सांगितलंस?"

"इतक्यात नको. आधी नक्की कळू दे. कुणाला बोलू नकोस." मग केरबांनी बशीत चहा ओतला. "आन् 'मशीन खोटं सांगतंय' म्हनून भांडू नकोस आता."

"आधी बरा हो. मग भांडू. सोमवारी जाऊ त्याच्या दवाखान्यात, मी गाडी काढतो."

फोटो मी काढला. हात हलला नाही, उजेड चांगला होता. कागदावरचे बारीकातले बारीक अक्षर वाचता येत होते. मला त्याचा अभिमान वाटला.

कागदाच्या तळाशी एक चौकोन होता. 'माझा एक्स-रे संशोधनासाठी वापरण्यास संमती आहे.' त्या चौकोनात बरोबरची खूण होती. ती पेनाने केलेली नव्हती. छापूनच आली होती. केरबांचे तिकडे लक्ष नव्हते. आकारामांचे गेले.

गुरुवारी वाद पुन्हा पेटला. नऊला चार मिनिटे कमी असताना यशराजने लिहिले, "संमतीशिवाय कोणाचा एक्स-रे वापरत नाहीत. पुरावा असेल तर दाखवा, नाहीतर अफवा पसरवू नका." त्याखाली तिघांनी अंगठा उठवला. अंगठ्याचे ते चित्र आकारामांना तसेही आवडत नाही. 'अफवा' हा शब्द तर त्यांना फारच लागला. एकतीस वर्षे इमानाने काम केलेल्या माणसाला कालचा पोरगा खोटारडा म्हणतो, असे ते स्वतःशी दोनदा म्हणाले.

त्यांचा स्वतःचा कागद नव्हता. ते गेलेच नव्हते. पुरावा एकच होता आणि तो माझ्यात होता. त्यांनी फोटो उघडला आणि दोन बोटांनी तो तळाचा चौकोन मोठा केला. माझ्या काचेवर आता एवढेच दिसत होते : ती ओळ आणि ती छापील खूण. केरबांचे नाव आणि केरबांची छाती काचेच्या बाहेर राहिली. "हा घे पुरावा," असे म्हणून त्यांनी फोटो पाठवला.

मित्रांनो, काचेवर कितीही मोठे करून पाहिले, तरी पाठवताना फोटो अख्खाच जातो. आकारामांना हे ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते. पण मला बोलता येत नाही.

नऊ पंधराला यशराजचे उत्तर आले. "काका, तुमचं बरोबर आहे. हे चुकीचं आहे. मी तक्रार करतो." आकाराम इतके खूश झालेले मी फार दिवसांत पाहिले नव्हते. त्यांनी चहा मागवला. चहा येईपर्यंत खाली ओळी येऊ लागल्या.

"ह्ये आपल्या केरबाचं हाय व्हय?"

"टीबी हाय का काय?"

"जपून ऱ्हावा रं सगळ्यांनी."

आकारामांनी फोटो पुन्हा उघडला, या वेळी पूर्ण. वर केरबांचे पूर्ण नाव होते. नऊ एकतीसला एक ओळ आली, केरबांनी ग्रुप सोडला आहे.

स्नेहलला फोन लागायला अर्धा तास गेला. तिने सांगितले तसे करून दहा पाचला फोटो सगळ्यांकडून पुसला. पण त्याआधी तो दुसऱ्या ग्रुपवर गेला होता, तिथून तिसऱ्या. आपल्यापाशी आहे ते पुसता येते. गेलेले परत बोलावता येत नाही.

आक्काताईंना तो फोटो पिठाच्या गिरणीत एका बाईने दाखवला. केरबा ज्या गोदामावर राखण करायचे, तिथल्या मालकाने निरोप पाठवला की दुसरी तपासणी होईपर्यंत येऊ नका. धुळीचा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे त्या मालकाला कोणी सांगितले की नाही, मला माहीत नाही.

दुपारी आकाराम तीनशे पावले चालून गेले. आक्काताई उंबऱ्यावर उभ्या होत्या. बाजूला सरल्या नाहीत.

"भावजी, मला सांगितलं न्हाय त्येचं कायबी न्हाय. तुमी दोघं तसलंच. पण मला लोकांनी सांगावं? गिरणीत, पिठाचा डबा हातात असताना?"

"वयनी, माझ्या ध्यानात आलं न्हाय. खालचं तेवढंच दिसत हुतं."

"गाडीवाल्यांनी न इचारता घेतला म्हनून चार दिस भांडत हुता न्हवं तुमी? मग?"

आतून खोकल्याची उबळ ऐकू आली, आणि मग केरबांचा आवाज.

"त्येला म्हणावं जिकलास. जा आता. आन् सोमवारचं सोड. मला कुठं जायाचं न्हाय, कुणाला छाती दावायची न्हाय. एवढ्यांनी बघितली तेवढी बास."

परत येताना आकाराम तीन वेळा थांबले. मी त्यांच्या छातीवरच्या खिशात असतो. आत घरघर होते. गेले वर्षभर मी ती ऐकतो आहे. तपासायला ते गेलेले नाहीत, हे मी आधीच सांगितले.

ग्रुपवर वाद चालूच राहिला. शुक्रवार ते रविवार दोनशे चाळीस संदेश आले. संमती कशाला म्हणतात, सरकारने पैसा कुठे घालावा, यंत्रावर किती विसंबावे. काही जण फार चांगले लिहितात. यशराजच्या तक्रारीला 'विचाराधीन आहे' असे उत्तर आले, तेही त्याने टाकले. केरबा कसे आहेत, हे त्या दोनशे चाळीस संदेशांत एकानेही विचारले नाही. आकारामांनी एकही शब्द लिहवला नाही.

मित्रांनो, माझी काच फुटली तर नवी बसते. बॅटरी गेली तर बदलता येते. मला जपा असे सांगण्यासाठी मी हे सांगत नाही. मी यंत्र आहे, दाबले की पाठवतो. मी विचारू शकत नाही, तुम्ही विचारू शकता. लोखंडाच्या साच्यासाठीसुद्धा दोन माणसे एकमेकांना विचारत होती. कोणाचे नाव, कोणाचा चेहरा, कोणाचे दुखणे तुमच्या हातात आले, तर तुमची बाजू कितीही खरी असली तरी आधी त्या माणसाला विचारा. आणि त्याचे उत्तर येईपर्यंत थांबा.

रविवारी संध्याकाळी पाच वाजता आकारामांनी मला तोंडाशी धरले. मग बोलले ते मी जसेच्या तसे लिहिले :

"केरबा, वर तुझं नाव हुतं, मी बघितलं न्हाय. तुला इचारलंबी न्हाय. उद्या नऊला टपरीपाशी गाडी घिऊन हाय. माझीबी छाती दावतो. माझ्यासंगं बोलू नकोस. नुसता मागं बस."

संदेशापुढे एक खूण उमटली, मग दुसरी. म्हणजे तो केरबांच्या फोनवर पोहोचला.

आज सोमवार आहे. आकाराम पावणेनऊला टपरीवर आले. त्यांनी दोन हाफ सांगितले. मोटारसायकल स्टँडवर लावली आहे, तोंड दवाखान्याच्या रस्त्याकडे. केरबांच्या कागदावर छापलेल्या तारखेपासूनचे पंधरा दिवस परवा, बुधवारी संपतात. दहा वाजून चाळीस मिनिटे झाली आहेत. एका कपावर साय धरली आहे. आकाराम दर थोड्या वेळाने मला बाहेर काढतात, बघतात आणि परत खिशात ठेवतात.

संदेश पोहोचलेला आहे. वाचलेला नाही.