कच्च्या पोरांची शाळा

मुंबईकडच्या कुठल्याशा विद्यापीठाने कट्टा गावाच्या पुढे सड्यावर, उघड्या कातळावर, प्राथमिक शाळा काढली. काचेची इमारत, दारात गाडी, दुपारचं जेवण, सगळं फुकट. अट एकच, पोर कच्च्या शाळेतलं हवं, म्हणजे जिथल्या पोरांना धड लिहिता-वाचता येत नाही अशा. माझ्या तन्वीला तिथे घालायचं हे मी मनाशी पक्कं केलं होतं, पण आमच्या वाडीच्या शाळेत विनीताबाई. त्या मेल्या बाईने पहिलीपासून पोरांना घडाघडा वाचायला शिकवून ठेवलेलं. आता काय करावं कपाळ?

मग आम्ही देवाकडे गेलो. गावकार गणपतकाकांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, विद्यापीठाची मानसां परीक्षा घेवक येतली. आमच्या पोरांका कायएक येवचा न्हय, असा कर."

"होय म्हाराजा," आम्ही सगळ्या आया एका सुरात म्हणालो. पोरं नापास व्हावीत म्हणून देवाला नारळ देणारं दुसरं गाव असलं तर मला दाखवा.

देवावर सगळं कशाला टाका, म्हणून घरी मीही पढवलं. तन्वीने परीक्षेत 'क'ला 'ढ' म्हटलं आणि दोन नि दोन सात केले. विद्यापीठाच्या साहेबांनी मान हलवत लिहून घेतलं. विनीताबाई दारात उभ्या होत्या. त्यांना रडू आवरेना. मला वाईट वाटलं, नाही असं नाही.

सगळी पोरं नव्या शाळेत गेली. वाडीच्या शाळेला कुलूप लागलं आणि बाईंची बदली आंबोलीकडे झाली.

वर्षाने विद्यापीठाचे डॉक्टर आले, तापाची गोळी न देणारे. त्यांनी हार घालून घेतले, भाषण केलं. "तुमची मुलं आता कच्ची राहिली नाहीत. त्यांनी आपल्या मूळ शाळेत परत जावं. इथल्या जागा गरजूंना देऊ."

मी उठले. साहेबासमोर बोलायचं म्हणून शुद्ध मराठी काढली. "सर, मूळ शाळा तुमच्यामुळेच बंद पडली. मग आमची मुलं गरजू नाहीत का?"

"ताई, नियम कच्च्या शाळेतल्या मुलांसाठी आहे," ते गोड हसून म्हणाले. "ज्यांना शाळाच नाही, ती त्यात बसत नाहीत. आधी एखाद्या कच्च्या शाळेत नाव घाला."

जवळची शाळा डोंगरापलीकडे. सात वर्षांच्या पोरीला तिथे चालत पाठवणार कोण?

सोमवारी तन्वी सांगूनही न ऐकता गणवेश घालून रस्त्यावर उभी राहिली. गाडी आली, थांबली नाही. मागच्या काचेवर तिचाच हसरा फोटो होता, खाली 'आमचं यश' लिहिलेलं. तन्वीला तेही वाचता आलं.

"आये," ती म्हणाली, "माजो फोटो शाळेत जाता, मगे मी कित्याक नाय?"