टँकर दारात आला तेव्हा

लातूर जिल्हा झाला आणि विरूपाक्षची उदगीरहून नव्या कचेरीत बदली झाली. पगार तोच, पण लातुरात भाडी वाढलेली, भाजी महागलेली. त्यात लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला. नळ आठवडा आठवडा कोरडा राही. महिना सरत आला की घरात तेच भांडण आणि तेच शब्द. "पैसे गेले कुठं?" बायको महादेवी विचारी. "मी काय खाल्ले का?" विरूपाक्ष म्हणे. पुढं भांडायचं त्राण दोघांतही उरत नसे.

उन्हाळ्यात त्याची रत्नम्मा मावशी दवाखान्यासाठी उदगीरहून आली. त्याच आठवड्यात हमालांनी घरात लोखंडी कपाट आणून ठेवलं. कचेरीत सगळ्यांनी घेतलं, म्हणून विरूपाक्षनंही हप्त्यांवर घेतलेलं. बायकोला न विचारता. महादेवीला राग आला, पण बोलणार कशी? धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी तिनंही घरखर्चातून रेशमी साडी आणून पांघरुणांत दडवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत पाण्याचा टँकर आला. महादेवीनं टिपाड, घागरी दारात मांडल्या.

"पैसे आधी, ताई. उधारी बंद हाय," टँकरवाला म्हणाला.

"अहो, द्या की," महादेवी विरूपाक्षला म्हणाली.

"माझ्याकडं कुठं? घरखर्चाचे तुझ्याकडंच दिले ना?"

"ते संपले. मला वाटलं, तुम्ही ठेवले असतील."

"अन् मला वाटलं, तू!"

टँकरवाल्यानं पाइप शेजारच्या टिपाडात सोडला. मावशीच्या गोळीपुरतंही पाणी घरात नव्हतं. महादेवीनं शेजारणीकडून तांब्याभर मागून आणलं आणि चुलीपाशी बसून डोळ्याला पदर लावला.

गोळी घेऊन मावशी म्हणाली, "विरूपाक्षा, कपाट आणलास. हिला पुसलास का?"

"मावशी, जिल्ह्याच्या गावात राहायचं म्हणजे चारचौघांत..."

"चारचौघांनी घागर भरून दिली का आज? अन् तू गं महादेवी, काल पांघरूण काढताना साडी बघितले मी. दडवून आणलेली साडी नेसून लग्नात मोकळं हसशील का? लोकांच्या घरात बघून खर्च करून राहिलाव दोघं. एकमेकांकडं कधी बघणार?"

महादेवी हळूच म्हणाली, "ह्यांचा पगार किती, तेच मला ठाऊक न्हाई, मावशी."

अरेरे! इतक्या वर्षांच्या संसारात ही एवढी गोष्ट त्यानं सांगितली नव्हती! "सांगितलं तर तू हात धरशील, असं वाटायचं," तो ओशाळून म्हणाला.

"अन् साडी मागितली असती, तर तुम्ही न्हाई म्हटला असता."

"म्हटलो असतो," त्यानं कबूल केलं. खूप दिवसांनी दोघं एकमेकांशी खरं बोलले होते.

संध्याकाळी दोघं मिळून बाजारात गेले. दुकानदारानं भरलेल्या हप्त्यातले थोडे पैसे कापून कपाट परत घेतलं. साडीवाल्यानं कुरकुर केली, पण घेतली. नुकसान झालं, पाण्याची सोय मात्र झाली.

पगाराच्या दिवशी विरूपाक्षनं पाकीट न फोडता महादेवीच्या हातात दिलं. आधी पाणी, मग भाडं, मग किराणा, असं दोघांनी बसून ठरवलं. उरलं थोडंच. त्यानं हॉटेलातला चहा सोडला. बहिणीच्या लग्नात महादेवी जुनं इरकल लुगडं नेसली. भावजयीनं टोकलं, "नवं न्हाई घेतलीस?"

"न्हाई. आम्ही दोघांनी मिळून ठरवलं," ती म्हणाली, आणि पंगतीत वाढायला निघून गेली.

वाचकहो, दुष्काळ काही काटकसरीनं हटत नाही आणि पगारही वाढत नाही. पण नवरा-बायकोनं एकमेकांपासून लपवून केलेला खर्च भरल्या घरालाही कोरडं करतो. पैसा थोडा असो की फार, तो दोघांचा आहे. खर्चण्याआधी एकमेकांना विचारा!