न उमललेली गोळी

मित्रांनो, मी रायफलची एक जुनी गोळी आहे. मला पाहणारे म्हणतात, "अरे, ही तर नवीच दिसते!" ते कौतुकाने म्हणतात आणि मला चीड येते. शिकारीत वापरलेली गोळी नवी दिसता कामा नये.

माझा जन्म कारखान्यात झाला. आत शिसे आणि वर टोकापर्यंत घट्ट धातूचे कवच. मला सैनिकांसाठी घडवले होते. आरपार जायचे, वाकायचे नाही, पसरायचे नाही, एवढेच मला येते. हातोहात फिरत मी दूरदेशी, नारीनच्या डोंगरातल्या मामबेतकुल नावाच्या शिकाऱ्याच्या पिशवीत आले. तिथे माझ्या शेजारी वेगळ्या गोळ्या होत्या. त्यांच्या नाकावर कवच नव्हते, मऊ शिसे उघडे होते. अंगात शिरताच त्या अळंबीसारख्या उमलतात आणि जनावर तिथल्या तिथे कोसळते. दिसायला त्या ओबडधोबड. मी चकचकीत, म्हणून मामबेतकुल मलाच बाहीने पुसायचा.

त्या वर्षी त्याची थोरली बहीण झुरा आजारी पडली. तिला अन्न जाईना. एक दिवस ती म्हणाली, "रानबोकडाचा रस्सा मिळाला तर घोटभर घेईन." रानबोकड उंचावरच्या औषधी वनस्पती खातो, त्याचा रस्सा आजाऱ्याला उठवून बसवतो, असे तिथले लोक मानतात. झुराचा नवरा सागिन आणि मामबेतकुल लगेच एका बोकडाचा परवाना काढून निघाले.

डोंगरावर बोकड दिसला तेव्हा सागिन कुजबुजला, "मऊ नाकाची घाल."

"नको दाजी. ती खांद्याचं सगळं मांस रक्तानं काळं करते. उतरताना कुणी 'शिरालगा' म्हटलं तर काय देऊ? काळा तुकडा?"

शिकारीहून परतणाऱ्याला वाटेत कोणी 'शिरालगा' म्हटले की वाटा काढून द्यायचा, ही तिथली रीत. खराब तुकडा देणाऱ्याची गावभर नाचक्की होते.

"आधी बोकड तर पाड, लेका! वाटे कसले घालतोस?"

"तुम्ही नुसती दुर्बीण धरा, दाजी. नेम माझा आहे."

"नेम तुझा, पण बायको माझी आहे. विसरू नकोस."

मामबेतकुल हसला आणि त्याने मला नळीत सरकवले. हे काम माझे नाही, हे मी त्याला कसे सांगणार?

बोकड आमच्याकडे तोंड करून तिरपा उभा होता. मामबेतकुलने बिस्मिल्ला म्हणून चाप ओढला. त्याचा नेम चुकला नाही. मी छातीच्या कडेने शिरले, फुप्फुस भेदले, पोटातून गेले आणि मागच्या मांडीत कातडीखाली अडकले. माझी शेजारीण असती तर फुप्फुसातच उमलली असती आणि सगळे तिथेच संपले असते. माझे कवच मात्र तसूभरही उघडले नाही. मागे राहिले ते सुईच्या वाटेएवढे अरुंद भोक, आणि तेही कातडीने झाकून टाकले. बोकड दचकला आणि धावत सुटला.

"चुकली!" सागिन ओरडला.

"लागली, दाजी! आवाज ऐकला मी."

दोघांनी दगड न् दगड पाहिला. रक्ताचा थेंब दिसेना. मग ढग उतरले आणि त्यांना थांबावे लागले.

मी मात्र बोकडाबरोबरच होते. तो चढायचा, थांबायचा, पुन्हा चढायचा. शेवटी एका खडकाला टेकून बसला. त्याचा प्रत्येक श्वास मला जाणवत होता. मला त्याला मारताही येत नव्हते आणि सोडताही येत नव्हते. पहाटेपर्यंत तो जिवंत होता.

सकाळी गिधाडांमुळे जागा सापडली. रीतीप्रमाणे गळ्यावर सुरी फिरवण्याआधीच बोकड मेला होता. पोट फुगले होते, मांसाला वास येत होता. सागिनने मांडीतली गाठ चिरून मला बाहेर काढले. घरी आल्यावर त्याने मला झुरापुढे ठेवले.

झुराने मला तळहातावर घेतले. "रस्सा राहू दे रे. बोकडाला फार त्रास झाला का?"

"नाही ताई. पटकन गेला."

ती मला अंगठ्याने चाचपत राहिली. "मामबेत, ही जराही उमललेली नाही. मला काय सांगतोस?"

सागिन म्हणाला, "मी पुन्हा जातो. दुसरा आणतो."

"नको," झुरा म्हणाली. "आता मला तो गिळवणार नाही."

त्यानंतर तिने काहीच मागितले नाही. बर्फ पडण्याआधी ती गेली.

मित्रांनो, माझ्या हातून जे झाले नाही त्याचा राग मी किती वर्षे धरून बसले आहे. तुम्हाला एकच सांगते. कुणाचा जीव घ्यायची वेळ आलीच, तर त्याचे मरण लांबवू नका. मांस काळे पडले तर पडू द्या. वाटेत भेटणाऱ्याला तोच काळा तुकडा द्या, आणि त्याने नाव ठेवले तर ठेवू द्या.