दिव्याच्या टेकडीतला प्रस्तरभंग

मी एक जुना प्रस्तरभंग आहे. दिवा स्टेशनजवळच्या एका टेकडीत, चाळीच्या पाठभिंतीमागे राहतो. लोक मला भेग म्हणतात. पण मित्रांनो, भेग नुसती पडलेली असते. माझ्या अंगावरून खडक सरकलेला आहे.

माझा जन्मच मारामारीत झाला. जमिनीला दोन्हीकडून ओढ बसली, काळा खडक कडाडून तुटला आणि माझ्यावर रेललेली बाजू खाली घसरली. माझ्या एका भावाला ओढ नव्हे, दाब जन्माला घालतो. त्याच्याकडे तीच बाजू वर चढते. तिसरा भाऊ दांडगट. तो दोन्ही बाजू एकमेकींना खरडत आडव्या नेतो. एरवी आम्ही गप्प असतो, कारण खडकाने खडकाला घट्ट धरलेले असते. ती पकड सुटली की मग आमच्याशी गाठ आहे.

माझ्यातून पाणी झिरपायचे. चाळीचे नळ कोरडे, म्हणून लोकांनी मला देवच केले. शेंदूर लावला, नारळ फोडले. मला ते आवडायचे, खोटे कशाला बोलू? चाळीतली उत्तरा रोज हंडा भरण्याआधी मला नमस्कार करायची.

उन्हाळ्यात धार करंगळीएवढी झाली. तेव्हा तिचा नवरा संदेश वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपमधून खडक फोडायचे मशीन घेऊन आला आणि पाठभिंतीमागच्या सांदीत शिरला.

"अहो, पायथ्याचा दगड नका ना फोडू," उत्तरा म्हणाली. "सकाळपासून वरून माती पडतेय."

"अगं, माती पडणारच. हातभर आत गेलो ना, की धार मोठी होईल. मग टँकरची कटकटच नको."

"आधी बाहेर या तुम्ही."

"झालंच, थांब."

त्याच दगडावर वरची सारी बाजू टेकली होती, आणि माझ्या पोटातली माती पाण्याने बुळबुळीत झालेली. भूकंपाची गरजच पडली नाही. दगड फुटला आणि टेकडी माझ्यावरून खाली सुटली. तिने मशीन चेपले, पाठभिंत आडवी केली, संदेशला छातीपर्यंत गाडले. उत्तरा नखे तुटेपर्यंत दगड उपसत राहिली. सारी चाळ धावली, पण तो गेला होता. मला मध्येच थांबता येत नाही. मला फार वाईट वाटले.

मित्रांनो, मला शेंदूर नको, नारळ नको. टेकडीचा पायथा तेवढा कापू नका. संदेशचे म्हणणे खरे ठरले आहे. धार आता मनगटाएवढी पडते. उत्तरा तिच्याकडे पाठ करून, रिकामा हंडा घेऊन टँकरच्या रांगेत उभी असते.