अप्पांच्या उशीवरची भेग

मी अप्पांच्या पलंगाच्या वर, छताला चिकटून असलेला एक जुना गिलावा आहे आणि मित्रांनो, मी चिडलेलो आहे.

चुना आणि वाळू कालवून गवंड्याने मला थापलं, तेव्हा पाहुणे माना वर करून माझं कौतुक करायचे. पुढे माना वर होणं थांबलं. छत उन्हात ताणलं जायचं, थंडीत आखडायचं. हळूहळू माझी पकड सुटली आणि भेग पडली. ती नीट बुजवायची तर आधी खरवडून रुंद करावी लागते. सुटलेला भाग पाडून, धूळ झाडून कडा ओल्या कराव्या लागतात. पण बरं दिसणारं आधी विद्रूप करायला कोण धजतो? दर रंगाच्या वेळी माझ्या तोंडावर नुसता पुट्टीचा हात फिरला. वरून गोरापान, आतून पोकळ.

पाय गेल्यापासून अप्पांचा दिवस माझ्याकडे बघण्यात जातो. यंदा रंगारी आला तेव्हा ते मुलाला म्हणाले, "अरे, भेग दिव्यापर्यंत पोचली."

"अप्पा, तुम्हाला दुसरा उद्योग नाही, म्हणून दिसते."

रंगारी हसला. "रंग बसू द्या. मग अप्पांनाही शोधावी लागेल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला तोंड असतं तर सांगितलं असतं की मी कोणाच्या डोक्यावर लटकतोय.

सून दारात उभी होती. "अप्पा, तुमची जुनी काठी द्या बरं." स्टुलावर चढून तिने मला ठोकलं. भिंतीजवळ टणक वाजलं, उशीच्या वर बद्द.

"ऐकलंत?" तिने नवऱ्याला विचारलं.

"उद्या पाहुणे येणार आणि तू घर उकरून ठेवणार?"

"पाहुणे बाहेरच्या खोलीत बसतील. तुम्ही पलंग धरा."

अप्पांसकट पलंग सरकला. रंगाऱ्याने भेगेत खरवडायचा पत्रा घातला मात्र, परातीएवढा तुकडा धाडकन खाली आला. अप्पांची उशी होती, तिथेच.

धूळ बसली. मग मुलगा म्हणाला, "छतच टाकाऊ निघालं."

इतकी वर्षं ज्याने माझं तोंड बंद केलं, तो मलाच टाकाऊ म्हणाला.

"छताला बोल लावू नकोस," अप्पा म्हणाले. "ते मला रोज दाखवत होतं, मी तुला सांगत होतो."

नवा गिलावा भरला. पाहुणे येऊन गेले, तेव्हा मी ठिगळासकट उघडाच होतो. मग रंगाऱ्याने डबा उघडला.

"थांब," अप्पा पलंगावरून म्हणाले. "कडेला अजून काळपट आहे. ओलं आहे."

मुलाने डब्याला झाकण लावलं.

मित्रांनो, भेग दिसली की रंग शोधू नका. आधी ठोकून बघा, आणि तिच्याखाली जो झोपतो त्याला विचारा. माझं ठिगळ वाळेल. राग वाळायला वेळ लागेल.