टकळीचं गप्प बसणं

काकूने विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागातल्या स्टुडिओत कॅमेऱ्यावरून बोट फिरवलं, ते उजेडात धरून पाहिलं आणि एक अक्षर न बोलता टकळीच्या नाकासमोर आणलं. बोटाचं टोक करडं झालं होतं.

"परीक्षा चालू होत्या ना," विभागप्रमुख घाईने म्हणाले. "एरवी इथे पाय ठेवायला जागा नसते."

"हो का," काकू म्हणाली आणि बोट रुमालाला पुसलं.

शाळा संपली की पत्रकारितेच्या पदवीला जायचं, हे टकळीने घरी छाती काढून जाहीर केलं होतं. बाबा ना रागावले, ना त्यांनी तिला समजावलं. ते एवढंच म्हणाले, "तुझी काकू एवढी वर्षं वर्तमानपत्रात आहे. ती बघून येऊ दे. हो म्हणाली तर हो. नाही म्हणाली, तर निमूटपणे कॉमर्स."

आणि काकू म्हणजे लग्नाची पत्रिका आली तरी फोन करून तारीख पडताळून पाहणारी बाई. "मला काही पदवीबिदवी नाही बाबा, मी रस्त्यावर शिकले," हे ती चारचौघांत ऐटीत सांगायची. अशा माणसाकडून 'हो' मिळवायचं म्हणजे दगडाला पाझर फोडायचा.

"तुमच्याकडे शिकलेल्यांपैकी आज बातम्या कितीजण लिहितात?" काकूने विचारलं.

"बरेच."

काकू गप्प. तिची ही रीत टकळीला पाठ होती. प्रश्न विचारायचा आणि तोंड मिटायचं. माणसाला शांतता सोसत नाही, ती भरायला तो खरं बोलून जातो, असं काकूचं म्हणणं. टकळीला हे आजवर एकदाही जमलं नव्हतं. काकूनेच तिचं नाव टकळी उगाच नव्हतं ठेवलं.

"म्हणजे, जाहिरातीकडे जास्त वळतात," विभागप्रमुखांनी टाय सारखा केला. "पगार बरे असतात तिकडे."

"आणि मुलं काढतात त्या अंकात विद्यापीठाच्या विरोधात बातमी छापता येते?"

"येते की! का नाही येणार?"

काकू गप्प. पंखा तेवढा कुरकुरत होता.

"फक्त आधी आम्हाला दाखवायची. भाषा वगैरे तपासायला."

"भाषा," काकू म्हणाली. तिने तो शब्द असा उच्चारला, की टकळीने मनातल्या मनात कॉमर्सच्या वह्यांना कव्हरं घालायला घेतली.

पुढचा बोळ अंधारा होता. दिवा गेलेला. विभागप्रमुख सवयीने पुढे गेले, मागून काकू, तिच्यामागे टकळी. आणि अचानक टकळीच्या पायाखालची जमीनच गेली. ती धडपडली, भिंतीला हात टेकून कशीबशी सावरली.

"अरे हो, सांभाळून," विभागप्रमुख मागे वळले. "तिथे एक पायरी खाली आहे. नवीन माणूस हमखास अडखळतो."

काकू पुढे ताठ उभी होती. ती अडखळली नव्हती.

टकळीच्या मनात पाल चुकचुकली. असेल, पायाचा अंदाज आला असेल, म्हणून तिने ती झटकून टाकली. पण बोळाच्या टोकाला वृत्तकक्षाचं दार आलं. विभागप्रमुखांनी दाराची मूठ फिरवली, ढकललं, खांदा लावला. दार तसूभरही हलेना.

"हे लाकूड फुगलंय. मी इथे आल्यापासून सांगतोय दुरुस्त करा म्हणून..."

"सरका बघू," काकू वैतागून म्हणाली. तिने मूठ वर उचलली, खाली गुडघ्याने धक्का दिला, आणि दार बिनबोभाट उघडलं.

"वा मॅडम! जमलं की!"

टकळी दाराकडे पाहत नव्हती. ती काकूच्या हाताकडे पाहत होती. त्या हाताला विचार करावा लागला नव्हता.

आत दोन मुलं हमरीतुमरीवर आली होती. चष्मेवाली मुलगी टेबलावर कागद आपटत होती. "पाण्याच्या टाकीत कबुतरं मेलीत, असं लिहिलंयस. तू पाहिलीस?"

"वॉचमन म्हणाला."

"वॉचमन चढला होता?"

"त्याला स्वयंपाकीण म्हणाली."

"आणि तिला कबुतर म्हणालं असेल! ऊठ. वसतिगृहाच्या टाकीवर चढ आणि बघून ये."

"अगं, ती शिडी गंजलीये..."

"मग जपून चढ!"

मुलगा पाय आपटत निघाला. टकळीला हसू फुटलं. तिने काकूकडे पाहिलं. काकूही हसत होती. टकळीची नजर पडताच तिने ते हसू रुमालाने पुसून टाकलं.

फाटकाबाहेरच्या बसथांब्यावर काकूने निकाल दिला. "नको, टकळे. कॅमेऱ्यावर धूळ, मुलं जाहिरातीत, आणि बातमी आधी सरांना दाखवायची. पत्रकारिता अशी शिकतात होय?"

यातला शब्द न् शब्द खरा होता, तीच तर पंचाईत. टकळीच्या तोंडाशी भांडणाचा अख्खा ढीग आला. तो तिने गिळला.

"काकू, तुला ती पायरी कशी माहीत?"

"कुठली पायरी?"

टकळी गप्प बसली. जीभ वळवळली, तिने ती दातांखाली धरली.

"असतात अशा पायऱ्या जुन्या इमारतींत," काकू म्हणाली.

टकळी गप्प. समोर बस येऊन उभी राहिली. दोघींपैकी कुणीच उठलं नाही. बस गेली.

"काय गं, दातखीळ बसली की काय? बोल ना काहीतरी."

टकळी समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिली. काकूने पर्स उघडली, काही न काढता बंद केली.

"शिडी तेव्हाही गंजलेलीच होती," ती शेवटी म्हणाली. "मी चढले होते. टाकीच्या तळाशी काय होतं ते डोळ्यांनी बघून लिहिलं. सरांना दाखवायला दिलं." ती थांबली. "भाषा तपासायला. अजून तपासतायत. मग मी परीक्षेला बसलेच नाही. म्हणून पदवी नाही. यात मी खोटं कुठे बोलले?"

टकळीला शंभर गोष्टी बोलायच्या होत्या. ती बोलली नाही.

काकू फाटकाकडे पाहत होती. झाडांच्या वर वसतिगृहाची टाकी दिसत होती, आणि शिडीच्या मध्यावर एक ठिपका चिकटलेला होता.

"धांदरट आहे. डाव्या बाजूची दांडी अजून तुटकीच असेल तर पडेल," ती पुटपुटली. मग टाकीवरची नजर न काढताच उठली. "चल. काय सापडतंय ते बघू. आणि ती चष्मेवाली ते दाखवायला नेते, की आधी छापते, तेही बघू."

"बाबांना काय सांगायचं?" टकळीला शेवटी राहवलं नाही.

"आधी पडताळू दे."

अंधाऱ्या बोळात टकळीने पायरी बरोबर ओळखली. दारापाशी पोचल्यावर तिने सवयीने काकूला पुढे जायला जागा करून दिली. पण काकू बाजूलाच उभी राहिली, पर्स पोटाशी धरून.

"तू उघड," ती म्हणाली. "आधी वर उचल. मग गुडघा."